मित्राचं नाव शाळेतून काढलं

१४ जुलै, सोमवार

काढलं! चौथीतून माझ्या नातीचा दाखला काढून आणला. धम्मरत्न म्हणाला, "मित्रा आता घरीच शिकन, आई. ममता अन् मी शिकवतो." सूनबाई बाजूला उभी, लढाई जिंकून आल्यासारखी. मी विचारलं, काहून पण? तर तो म्हणे, "तुले सांगून उपयोग नाही."

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी. मला सांगून उपयोग नाही!

माझ्या बाबांना वर्गाबाहेर ओट्यावर बसवायचे. उन्हात बसून शिकले, पण शाळा सोडली नाही. आणि हा त्यांचा नातू — इंजिनिअर! घरात पंख्याखाली कॉम्प्युटरवर नोकरी करतो आणि पोरीची शाळा सोडवतो.

१६ जुलै, बुधवार

आज यांचा 'अभ्यास' पाहिला. ममतानं भाकरीचे चार तुकडे केले. म्हणे अपूर्णांक! एक तुकडा पोरीनं खाल्ला, झालं गणित. दुपारी मायलेकी अंगणात मुंग्या पाहत बसल्या. तास-दीड तास! परिसर अभ्यास म्हणे.

फोनवर पुण्या-नागपूरच्या अशाच रिकामटेकड्यांचा ग्रुप आहे. "मुलांना त्यांच्या कलानं फुलू द्या." पोरं आहेत की मोगरा?

१९ जुलै, शनिवार

शेजारच्या किसनरावांनी हटकलंच — "पोरगी शाळेच्या गाडीत दिसून नाही राह्यली, मॅडम?" ताप आहे म्हटलं. या दोघांपायी या वयात खोटं बोलले.

२३ जुलै, बुधवार

मित्रा आपणहून पुस्तक घेऊन जवळ बसली. धडधड वाचते. शाळेनंच शिकवलं ना ते? की मुंग्यांनी?

२८ जुलै, सोमवार

ऑटोनं बाभुळगावला गेले. मित्राच्या शाळेत. घरी सांगितलं, दवाखान्यात जाते. म्हटलं, हातापाया पडावं लागलं तरी चालेल, पण पोरीला परत घ्या म्हणावं.

वर्गशिक्षिका पंचविशीची. बोलायला गोड. म्हणाली, "आजी, काहीच तर नाही झालं! शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते. मी म्हटलं, एससीवाले उभे राहा. बाकीचे उभे राहिले, मित्राच उठेना. मग हाताला धरून उठवलं मी. पोरी हसल्या जराशा."

"बस?"

"बस. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले दाखला मागायला."

एवढ्यासाठी! अहो, फॉर्म काय भिंतीला विचारून भरायचे? दर जुलैत मी स्वतः हेच करत आले. पोरांना उभं करायचं, नावं घ्यायची, तालुक्याला पाठवायची. शिक्षकाला दुसरी कामं नाहीत का? त्यात लाजायचं काय? ताठ मानेनं उभं राहायला शिकवावं की नाही पोरीला? हा पळपुटा तिला घरात लपवतो. आणि वर ग्रुपवाल्यांची मोठी मोठी वाक्यं!

परतीच्या ऑटोत डोकं नुसतं तापलं होतं. उद्या सुट्टी देणार नाही त्याला.

२९ जुलै, मंगळवार

सुनावलं. भित्रा म्हटलं. आजोबांचं नाव काढून बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला —

"मी बी चौथीत होतो, आई. तुह्याच वर्गात. तू म्हटलं, उभे राहा. आम्ही तिघं उठलो. पोट्टे हसून राह्यले होते. तू यादीतून मान वर नाही केली. मले विचारलं, 'पूर्ण नाव?' मी सांगितलं. तू लिहून घेतलं."

मला आठवत नाही.