न बोललेला नवस आणि पिंपळे गुरवचे घर

मी, रूबेन भास्कर उजागरे, वय त्रेसष्ट, धर्म ख्रिस्ती, चाकणच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेला तपासनीस, राहणार पिंपळे गुरव, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. वकिलांच्या नमुन्यात "पूर्ण खात्रीने व निःशंक मनाने" असे शब्द होते. ते मी काढायला लावले. निःशंक मन मला कित्येक वर्षांत लाभलेले नाही, मग पहिल्याच ओळीत खोटे कशाला लिहू? वकील म्हणाले, "उजागरे साहेब, ही नुसती लिहायची पद्धत आहे." असेल. माझ्याच्याने होत नाही.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. स्वरूपा बर्वे यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर त्याच उपचार करतात. मला ओसीडी आहे आणि तो देवाधर्माच्या वाटेने आला. कोणी दिवसभर हात धूत बसते, कोणी कुलूप ओढून ओढून बघते. मी केलेली प्रार्थना नीट झाली नाही म्हणून पुन्हा करतो, आणि मनात नुसत्या आलेल्या विचारांची पापे समजून क्षमा मागत फिरतो. यापूर्वी माझ्या हातची जी मृत्युपत्रे असतील ती सर्व रद्द समजावीत. ती बरीच आहेत. नीलिमाने वाचत बसू नये, फाडून रद्दीत घालावीत.

१. वारस. माझी पत्नी नीलिमा, महापालिकेच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका. माझी मुलगी अनुया, हिंजवडीत नोकरीला. आणखी कोणी नाही. यापुढे घराचे कलम यायला हवे, पण मी ते शेवटी घेतो. हात अजून तिकडे जात नाही. घर नीलिमाचे की देवाचे, हा खटला माझ्या डोक्यात वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याचा निकाल लागल्याशिवाय मला मरायचे नाही.

२. बँकेत जे काही आहे, ठेवी, फंडाची शिल्लक, सगळे नीलिमाला. यात विचार करण्यासारखे काही नाही. तरी तीनदा खोडून लिहिले आहे, खाडाखोडीबद्दल माफी असावी.

३. माझी मोजमापाची हत्यारे, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, निघोज्याला राहणाऱ्या समाधानला द्यावेत. तो बीडकडचा, माझ्या हाताखाली शिकला आणि पुढे माझाच सुपरवायझर झाला. कंपनीत माझ्या आजाराला बक्षीस मिळाले, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. मी तपासलेल्या मालाची तक्रार येत नसे, म्हणून सर्वांसमोर शाल दिली होती. पुढे पुढे मी ओके केलेले डबे पुन्हा उघडू लागलो. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि मी आपला गेज घेऊन बसलेला. समाधान शेजारी येऊन बसायचा. "सर, आता उठा. माल चांगला हाय, तुमच्या जिवाला बरं न्हाई," एवढेच म्हणायचा. त्याने हे वर कधी कळवले नाही. त्याला साक्षीदार व्हायचे होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले. मी म्हटले, सही कोणीही करील, व्हर्नियर त्यालाच जायला हवे.

४. वडिलांची पेटी आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावी. वडील नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते, आणि रविवारच्या उपासनेला भजनाची पेटी तेच धरत. तिची एक पट्टी दबलेलीच राहते, ती दुरुस्त करून घ्यावी. ही भेट प्रेमापोटी आहे. हे लिहितानाच मनात आले, की हा पुढे सांगणार आहे त्या नवसाचा हप्ता तर नव्हे? नव्हे. असला तरी पेटी द्यावी.

५. अंत्यविधी. मला दफनभूमीत वडिलांच्या शेजारी जागा मिळाली तर बरे, नाही मिळाली तर कुठेही. प्रभूची प्रार्थना एकदाच म्हणावी. म्हणताना कोणी अडखळले, कोणाचा मोबाईल वाजला, तरी पहिल्यापासून सुरू करू नये. मी आयुष्यभर तेच केले. एक शब्द घाईत गेला की परत सुरुवात. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवून निघून जायची, ताटातला भात गार व्हायचा, अनुया शाळेच्या गणवेशात दारात ताटकळायची. "पप्पा, देवाला ऐकू येतं पहिल्यांदाच," असे ती लहानपणी म्हणाली होती. मी तिच्यावर खेकसलो होतो.

मंडळीच्या वडीलमंडळातील श्री. निरंजन साळवे यांनी माझ्या अंत्यविधीत प्रार्थना करू नये. चहा जरूर घ्यावा. माझ्या गोळ्या सुरू झाल्याचे त्यांना कळले तेव्हा त्यांनी भर प्रार्थनासभेत उभे राहून "रूबेनभाऊंच्या अविश्वासासाठी" परमेश्वराकडे मोठ्याने रदबदली केली. सभेनंतर माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, विश्वास पक्का असेल तर गोळी कशाला लागते?" स्वतः ते रक्तदाबाची गोळी घेतात. मी त्यांचे ऐकले आणि गोळ्या बंद केल्या. पुढचे महिने कसे गेले ते नीलिमाला विचारा. मुदतीआधी निवृत्ती तेव्हाच घ्यावी लागली. त्यांना मी क्षमा केली आहे. खरे तर कितीतरी वेळा केली आहे, कारण दर वेळी ती मनापासून झाली नाही असे वाटायचे. आता झाली तेवढी क्षमा पुरे. प्रार्थना मात्र नको.

६. घर. आता टाळून चालणार नाही.

अनुया दहावीत असताना तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत चालल्या होत्या, नीलिमा आत होती आणि मी रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. मी प्रार्थना करत होतो आणि मध्येच मनात एक वाक्य आले, "ही वाचली तर घर तुझे." मी ते आणले नव्हते, ते आपोआप आले. ओठ हलले नाहीत. लगेच मी मनात "नाही, नाही" म्हणालो, आणि म्हणताक्षणी घामाने भिजलो, की नाही कशाला म्हणालास, म्हणजे पोरगी वाचायला नको का? अनुया वाचली. तेव्हापासून मी या घरात दुसऱ्याच्या जागेत चोरून राहिल्यासारखा राहतो आहे.

तो नवस होता की नव्हता, हे मी भेटेल त्याला विचारले. शेजारच्या भिमाबाई इथल्या मूळ गावकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, "नवस असा मनातल्या मनात नसतो हो भाऊ. देवापुढं नारळ ठिवून, नाव घिऊन बोलावा लागतो." मला हायसे वाटले. मग त्या पुढे म्हणाल्या, "पर बोलला असाल तर फेडून टाका बाबा. राहिलेला नवस चांगला न्हाई." पहिल्या वाक्यावर मी जेवलो आणि दुसऱ्यावर रात्रभर जागा राहिलो.

शेवटी एका रविवारी उपासना सुटल्यावर मी घराचे कागद पिशवीत घालून चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी पिशवी उघडलीही नाही. "रूबेनभाऊ, तुमचं घर घेऊन मंडळी काय करणार? तुम्ही प्रभुभोजनाला पुढे या. किती वर्षं मागच्या बाकावर बसून राहणार?" ते खरे होते. अयोग्य मनाने भाकर घेतली तर दोष लागेल, या भीतीने मी पुढे जाणेच सोडले होते. सगळे उठून जायचे आणि मी बुटाची नाडी बांधल्यासारखे करायचो.

घरी आलो तर नीलिमाने पान वाढलेले होते. कागदांचे कपाट उघडे होते. मला वाटले ओरडेल. ती शांतपणे म्हणाली, "हप्ते दोघांनी भरले. मी सकाळची शाळा करून शिकवण्या घेतल्या. मला न विचारता माझ्या डोक्यावरचं छप्पर कोणाला द्यायला निघालात?" मी म्हटले, "देवाला." ती म्हणाली, "अहो, तो माझाही देव आहे ना? मग त्याला घर हवं होतं तर त्याने मला का नाही विचारलं?" कागदावर नाव माझ्या एकट्याचे, कारण घेतले तेव्हा तशीच रीत होती आणि तिने हट्ट धरला नव्हता.

मग मी घर नीलिमाला देणारे मृत्युपत्र केले आणि नोंदणीला गेलो. तिथल्या कारकुनाने कॅमेरा लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, राजीखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?" मी म्हणालो, "सांगता येत नाही." मला देवाचा दबाव म्हणायचे होते. पण कारकुनाने नीलिमाकडे पाहिले. रांगेतल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, जणू हिनेच म्हाताऱ्याला धरून आणले आहे. "घरी जाऊन नीट ठरवा काका. पुढचे कोण?" एवढे बोलून त्याने कागद परत केले. लाज माझ्या आजाराची होती आणि ती तिच्या तोंडाला फासली गेली. हे मला आजही सहन होत नाही.

डॉक्टरांना मी हात जोडून विचारले, एकदाच सांगा, नवस होता का? त्या म्हणाल्या, "सांगणार नाही. सांगितलं तर आज झोपाल आणि उद्या पुन्हा विचाराल. उत्तर मिळणार नाही असं धरा, आणि मग काय करायचं ते ठरवा." मला त्यांचा राग आला. फी देऊन उत्तर मिळत नाही असे दुकान मी दुसरे पाहिलेले नाही. पण गोळ्या आणि त्यांचा हा निर्दयपणा, या दोहोंनीच मी पुन्हा माणसांत आलो. गेल्या नाताळाला मी प्रभुभोजनाला पुढे गेलो. योग्य होतो की अयोग्य, माहीत नाही. भाकर गिळली.

या मृत्युपत्रात घर नीलिमाला लिहून द्यायचे आणि डोळे मिटायचे, असे ठरवूनच काही दिवसांपूर्वी हे लिहायला बसलो होतो. मसुदा दाखवायला गेलो तेव्हा वकील मला धीर द्यायला म्हणाले, "एवढी काळजी करू नका. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं तेच खरं." म्हणजे मी आज तिला घर द्यायचे, आणि पुढे एखाद्या वाईट सकाळी भीतीने घेरले की दुसरा कागद लिहून ते काढून घ्यायचे. तो कागद शेवटचा ठरला तर माझ्या माघारी नीलिमाने कोर्टात उभे राहून सांगायचे की नवऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते. माझ्या आजाराला इतका हक्क मला द्यायचा नाही.

म्हणून काल, शुक्रवारी, मी पुन्हा नोंदणी कार्यालयात गेलो आणि घर बक्षीसपत्राने नीलिमाच्या नावे करून दिले. तोच कारकून, तोच प्रश्न. ते पॅसेजमधले वाक्य कानात स्पष्ट वाजत होते. मी म्हणालो, "हो." मला आणखी सांगायचे होते, हो कशासाठी आणि किती, पण तो म्हणाला, "बास काका, अंगठा ठेवा." मी ठेवला.

घरी आल्यावर नीलिमा दाराशीच थांबली. म्हणाली, "आता माझ्या घरात त्या नवसाचं नाव काढायचं नाही." मग चप्पल न काढताच खुर्चीवर बसून रडली. इतके रडताना मी तिला अनुयाच्या आजारपणातही पाहिले नव्हते.

तो नवस खरा असेल, तर त्याचा जाब मी वर जाऊन देईन. नीलिमाला त्यात ओढू नये, एवढेच देवाजवळ मागणे. पॅसेजमध्ये घाबरून उभ्या असलेल्या बापाकडून त्याने घर लिहून घेतले असेल, असे मला वाटत नाही. खात्री नाही. मला भीती वाटते, हे लिहितानाही वाटते आहे, आणि काल केले ते मी मागे घेणार नाही. घेऊ म्हटले तरी आता घेता येत नाही.

सबब घर या मृत्युपत्रात कोणालाही दिलेले नाही. ते माझे नाही.

वरील मजकूर मी एकदाच वाचला आहे.

लिहून ठेवणार: रूबेन भास्कर उजागरे (सही)
राहणार: पत्नी सौ. नीलिमा उजागरे यांच्या घरी, पिंपळे गुरव

साक्षीदार:
डॉ. स्वरूपा बर्वे (सही)
भिमाबाई चिमाजी काशिद, शेजारी (सही)

ठिकाण: पिंपळे गुरव
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५