ताटातली वरची चिठ्ठी

प्रिय ताई,

नव्या वर्षाच्या, बायबलमधल्या वचनाच्या चिठ्ठ्या लिहायला चर्चच्या पाळकसाहेबांनी काल रंगीत कागद आणून दिले. मंडळीत माझ्याइतकं सुवाच्य अक्षर कुणाचं नाही म्हणे. पेन हातात घेतलं, पण पहिलीच चिठ्ठी लिहवेना. म्हणून आधी तुला लिहितेय.

गेल्या एक जानेवारीची उपासना आठवते? चिठ्ठ्यांचं स्टीलचं ताट घेऊन मी बाकाबाकापाशी फिरत होते. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायची आणि देवाचं ते वचन वर्षभर धरून राहायचं. तुझ्यापाशी आले तेव्हा मी ताट जरा फिरवलं. मुद्दाम वर ठेवलेली बरं करण्याच्या वचनाची चिठ्ठी तुझ्या बोटांखाली सरकवली. ताई, ती तुला निघाली नव्हती, मी दिली होती.

मला एवढंच हवं होतं, की ऑपरेशनला तू न घाबरता जावंस. तू तर जायचंच सोडलंस! छातीतल्या गाठीबद्दल डॉक्टर पोटतिडकीनं सांगत होते, आणि तू चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून मला म्हणालीस, "देव बरं करतो म्हणलाय ना? मग इलाज कशाला? त्याच्यावर भरवसा नाय, असं होईल ते."

तेव्हाच का नाही बोलले मी? रोज ठरवायचे. करमाडच्या शाळेत शिकवून, बसमध्ये उभी राहून तू घरी यायचीस. तरी जेवणाआधी त्या चिठ्ठीसाठी आभार मानायचीस. तुझा चेहरा बघून माझी जीभ रेटायची नाही. पण तूही कशी गं इतकी भोळी? एकदा तरी शंका घ्यायचीस! तुला मातीत ठेवलं, तेव्हाही मी गप्पच होते.

तुझी लेक आशा आता चर्चला येत नाही. परवा तिनं ती चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली. "मावशी, देवानं शब्द दिला होता. मग पाळला का नाय?"

मी म्हणाले, देवाची इच्छा. माझं केलेलं त्याच्या अंगावर ढकलून मोकळी झाले.

आता प्रार्थना होत नाही. गुडघे टेकते आणि तशीच उठते. क्षमेची वचनं मी किती वर्षं लिहिली, पण ती मला लागू पडतील असं वाटत नाही. आशा परत येईल, असंही वाटत नाही.

तरी यंदाच्या चिठ्ठ्या निघायच्या आत तिला सगळं सांगेन, हा माझा तुला शब्द. तिनं पुन्हा माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. तिला फसवलं ते देवानं नाही, मावशीनं, एवढं तिला कळू दे.

तुझी धाकटी,
रूथ