बांधावरचा कडू कसावा

मी, एस्नात न्यालोंग्वे, राहणार चिवांगा, न्काटा बे, वय सत्तरीच्या पुढे, पाय सुजलेले पण डोकं ठिकाणावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही भिडेस न पडता लिहवून घेत आहे. लिहिणारे आमच्या चर्चमधले वडीलधारे आयझॅक चिर्वा. मधूनच ते "आजी, हे असं लिहू नये" म्हणतात. मी म्हणते, लिहा.

१. राहतं घर माझी लेक वेझी हिला. मला चेटकीण म्हणणाऱ्या बाया रडायला येतीलच. त्यांना घरात घेऊ नये, उन्हात बसून रडावं.

२. कसाव्याचे कंद भिजत घालायचे दोन्ही माठ शेजारीण फालेस हिला. पूर्वी आमच्याकडे सगळा कडूच कसावा. सोलून पाण्यात कुजवायचा, वाळवायचा, कांडायचा. तसाच खाल्ला तर माणूस मरतो. म्हणून चोर, डुकरं, माकडं कोणी तोंड लावत नसे, आणि कुजवणं-कांडणं बायकांच्या हाती, त्यामुळे शेतात बायकांचा शब्द चाले. मग माझा मुलगा डिक्सन शेतकी खात्यात लागला आणि गोड जातीचे दांडे घेऊन आला. लवकर तयार होणारे, भिजवायची कटकट नाही. खोटं कशाला बोलू, उपासमारीचे महिने गेले, पोरी शाळेत जाऊ लागल्या. पण कंद बाजारात जाऊ लागला तसं शेत पुरुषांचं झालं, आणि मुलं कच्चाच कंद उपटून खायला शिकली.

३. डिक्सनला माझा बिघडलेला रेडिओ. बाकी काही नाही. कारण असं की, गोड कसाव्याला चोर लागले तेव्हा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "आई, बांधाच्या कडेनं तुझा कडू लाव. एकदा खाल्ला ना कुणी, की जन्माची अद्दल घडेल." मी लावला. पानांवरून दोन्ही सारखेच दिसतात. माझी नात तेम्वा, डिक्सनचीच पोर, पाच वर्षांची, तिने बांधावरचा कंद खाल्ला आणि संध्याकाळच्या आत गेली. डिक्सनने गावासमोर माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, "हिनंच मुद्दाम लावला. हिला माझं शेत बघवत नव्हतं." त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी कोणी प्यालं नाही.

४. सगळं शेत, बांधासकट, सून मायलेसी हिला. ती माझ्या तोंडावर थुंकली होती. पोर गेलेल्या आईला तेवढं चालतं. बांधावर कडू लावायला कोणी सांगितलं हे तिला ठाऊक नाही. तिला त्याच माणसाबरोबर संसार करायचा होता, म्हणून मी गप्प बसले. आता तिचा आक्रोश मला ऐकू येणार नाही, तेव्हा गप्प बसायचं कारण उरलं नाही.

५. मायलेसीला वाचता येत नाही. घरात आलेला कागद तिला डिक्सनच वाचून दाखवतो. हाही त्यानेच दाखवावा; दफन झाल्यावर, सर्वांदेखत, तिला समोर बसवून, मोठ्याने. चिर्वा दुसरी प्रत घेऊन शेजारी बसतील आणि गाळलेली ओळ परत वाचायला लावतील. तिसऱ्या कलमाला त्याचा घसा कोरडा पडला तर त्याला पाणी द्यावं, आणि पुढे वाचायला सांगावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या बोलण्याबरहुकूम आहे.

एस्नात न्यालोंग्वे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: आयझॅक चिर्वा (सही)
फालेस न्याकाउंडा (अंगठा)

चिवांगा, १४ ऑगस्ट २०११