आम्ही खेळायचो

५ फेब्रुवारी २००४, गुरुवार
सापडला! सणसवाडीच्या भंगारवाल्याकडे टीव्ही गेम — दोन रिमोट, पिवळी कॅसेट, लहानपणी आमच्याकडे होता तसाच. कंपनीला सुट्टी, तडक गावी, राहूला, घरी आणला. पंधरा तारखेला करुणाचा साखरपुडा. बहीण सासरी गेली की कुठला आलाय खेळ? मुलगा कोरेगाव भीमाचा, पर्मनंट नोकरी. "आम्हाला पसंत आहे" असं मीच कळवलं.

संध्याकाळी
करुणाच्या हातात रिमोट दिला. तिनं उलटा धरला! म्हटलं, विसरलीस? बंदूकवाले दोन गडी, तो धबधब्याचा स्टेज, उडी चुकली की खलास. मी आठवीत, तू पाचवीत. सुट्टीभर खेळायचो आम्ही. आई-आप्पा ओरडून दमायचे.

ती हसली नाही. म्हणाली, "आम्ही न्हाई दादा. तू आन् शेजारचा संपत. मी टीव्हीच्या मागं वायर धरून उभी असायची. सोडली की पडद्यावर मुंग्या यायच्या."

६ फेब्रुवारी
हे कसं शक्य आहे? ती माझ्या शेजारी मांडी घालून बसलेली मला स्पष्ट दिसते. शेवटचा राक्षस मेला तेव्हा ओरडली होती ती — पण कुठून? मागून? कामात लक्ष लागेना, मशीनवरचे दोन जॉब रिजेक्ट गेले. सुपरवायझरनं विचारलं, तब्येत बरी नाही का?

८ फेब्रुवारी
संपतला फोन केला. म्हणे व्हय, करुणाच धरायची वायर, लई गुणी पोरगी, कवा कुरकुरली न्हाई.

भयंकर राग आला. संपतचा की माझा, कळत नाही. "तू खेळतेस का?" असं मी तिला विचारलंच असेल ना? विचारलंच असेल!

१० फेब्रुवारी
काही सुचत नाही. 'आम्ही' म्हणायला गेलं की जीभ अडखळते. मूर्खासारखं वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
घरी आल्याआल्या करुणाला विचारलं, मुलगा तुला पसंत आहे का?

"दोनदा न्हाई म्हणले की तुला. तू मान हलवलीस."

मला एकदाही आठवत नाही. तिला मुलगा पसंत नाही, हे आप्पांना सांगायला रानात चाललोय.