हात दाखवला तर थांबायचं

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. आमगाव

माफी मागते. आठ महिने या वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, हे सांगणं सोपं आहे. खरं म्हणजे आळस. आणि थोडा राग – कोणावर, ते अजून ठरलेलं नाही.

उद्या निघायचं! हेमेंद्रने एकवीस वर्षं जी ॲम्ब्युलन्स चालवली, ती दवाखान्याने भंगारात काढली आणि यांनीच लिलावात उचलली. (तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही. इथे घेते.) दोन महिने अंगणात खटपट चालली होती. स्ट्रेचरच्या जागी फळ्यांचा पलंग केला, खाली शेगडी आणि भांड्यांचा डबा. सलाईनची बाटली टांगायचा हुक तसाच ठेवलाय. त्याला माझा टॉवेल लटकणार. वरून बदामी रंग दिला, पण ऊन पडलं की समोरची उलटी अक्षरं रंगाखालून अजून दिसतात.

सासूबाई दुपारी ओट्यावरून म्हणाल्या, "मुडद्याच्या गाडीत निजाले जाऊन राहिले! काऊन, घरी खाट नाही का?"

हेमेंद्र हसला. मला म्हणाला, "जिंदगीभर दुसऱ्यांना नेलं. आता तुला नेतो."

कॉलेजमध्ये पाच दिवसांची रजा टाकली. लायब्ररीची किल्ली शिपाई श्यामलालकडे दिली. दोनदा सांगितलं, तरी काळजी वाटते.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दल्ली-राजहरा

देवरीवरून राज्याची सीमा ओलांडली, मग डोंगरगाव, बालोद. छोटी छोटी गावं – एक चौक, एक टाकी, एक भजीवाला. आणि मग माती लाल होत गेली. इथे लोखंडाची खाण आहे. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापलाय. झाडं लाल, कुत्री लाल, वाळत घातलेली धोतरं लाल. चहाच्या कपात बोट फिरवलं तर बोट लाल!

दुपारी खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा झाला. हेमेंद्र पलंगावर झोपला होता. ताडकन उठून उशाखाली किल्ली चाचपायला लागला. "कुठे आहे पेशंट?" मी हसले. नंतर वाईट वाटलं.

लोक थांबवतात आम्हाला. रंग देऊन उपयोग नाही, बांधा ओळखतात. सकाळी एका बाईने हात दाखवला. दोन कोंबड्या घेऊन आत चढली आणि पलंगावर बसून विचारते, "एम्बुलेंस तो फोकट म रहिथे ना?" बाजारापर्यंत फुकटच सोडलं तिला. चादरीवर कोंबड्यांची घाण. मग एक प्यालेला माणूस. त्याला लग्नाला जायचं होतं. मग एक ट्रकवाला, जॅक मागायला.

हेमेंद्र दर वेळी थांबतो. "हात दाखवला तर थांबायचं. एकवीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

भांडले. शेगडीपाशी, भात होता होता. म्हटलं, ही गाडी आता दवाखान्याची नाही, आपली आहे. म्हटलं, प्रेरणाच्या वेळी मला कळा येत होत्या आणि तुम्ही दुसऱ्याच्या बायकोला गोंदियाला नेत होते. मी शेजारच्या ललिताबाईंसोबत ऑटोत गेले. एकोणीस वर्षं झाली, एकदा तरी काही म्हटलं का मी?

खरं तर म्हटलं आहे. बरेचदा.

ते म्हणाले, "बरं. घर येईपर्यंत कोणासाठी थांबत नाही. शब्द दिला."

जिंकले! जेवण मात्र गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री, घरी

चिचगडकडून येताना जंगलातला रस्ता. भर दुपार, एक माणूस नाही. पळस फुलायला लागले होते. मी दाखवत होते, ते बघत होते. चार दिवसांत पहिल्यांदा दोघंही एकाच गोष्टीकडे बघत होतो.

वळणावर, माझ्या बाजूला, निळ्या शर्टाचा माणूस. दोन्ही हातांनी गमछा हलवत होता. मागे मोहाच्या झाडाखाली एक बाई बसली होती. आरामात, खोडाला टेकून.

हेमेंद्रने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी हळू झाली. त्यांची नजर त्या माणसावर होती. "बाई कशी आहे?" मला विचारलं.

मी म्हटलं, "बसली आहे. बसची वाट बघत असतील. चला."

त्यांनी गाडी पुढे काढली. आरशात बघत होते, बराच वेळ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी धुतली. अंगणभर लाल पाणी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी न सांगता मोटरसायकल काढून गेले, संध्याकाळी आले. हात न धुताच बसले. मी भाजी निवडत होते.

"त्या मोहाच्या पुढच्या गावात पानठेल्यावर विचारलं. दुलीचंद नाव आहे त्याचं. बायको अनुसयाबाई. जळण वेचता वेचता लकवा मारला तिला. दोन तासांनी ट्रॅक्टर मिळाला."

"जिवंत आहे?"

"आहे."

मी देवाचे आभार मानले. मग वाटलं, कशाचे आभार मानून राहिले मी?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज दोघं गेलो. गाडी घेऊनच – हेमेंद्रचा हट्ट.

दुलीचंद अंगणात झाडूच्या काड्या बांधत होता. गाडी बघून उठला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं. त्याने खाट झटकली.

"तुमीच होते ना त्या दिवशी? गाडी पाहूनच समजलो. मी हिले म्हनलो, आत पेशंट असन. आपल्यापेक्षा जास्त सीरियस असन कोनी. म्हनून नाय थांबली गाडी. वाचला का जी तो पेशंट?"

हेमेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"वाचला," ते म्हणाले.

एकवीस वर्षांत खोटं न बोललेला माणूस!

अनुसयाबाई दाराशी खाटेवर होती. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने काहीतरी आवाज केला. दुलीचंद म्हणाला, "चाय घेऊन जा म्हनते." त्यानेच चूल पेटवली. मग हळूच, तिला ऐकू जाऊ नये म्हणून तिच्याकडे पाठ करून, "डॉक्टर म्हने, घंटाभर आधी आनली असती त..." पुढचं बोलला नाही. कप धुवायला गेला.

चहा गोड होता. मी पूर्ण प्याले. का प्याले?

परत येताना हेमेंद्रने गाडी त्याच मोहापाशी थांबवली. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. "बाई बसली आहे ऐकून मी फसलो. बसलेला पेशंटही सीरियस असतो, हे मला कळायला पाहिजे होतं. पाय माझा होता, दुर्गा. शब्दबिब्द काही नाही, पाय माझा होता."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना तसं म्हणू दिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक दुरुस्ती. १३ तारखेला लिहिलं की ती बाई बसली होती. नव्हती. आडवी पडली होती. एक चप्पल पायात, एक रस्त्याच्या कडेला. मला स्पष्ट दिसलं होतं.

उद्या: हेमेंद्रला घेऊन दुलीचंदकडे जाणे. दोघांसमोर सांगणे – गाडी रिकामी होती, आणि मला दिसलं होतं.