लाल धागा वरून, निळा खालून

सिदरा,

मटण मुरवून फ्रीजमध्ये ठेवलंय. उबेदची आई चारला येईल, त्याआधी शिजव.

काल फोनवर उबेद अम्मीला सांगत होता, कतारच्या कोल्ड स्टोरेजात सिदरानं विणलेले हातमोजेच घालतो, बोटं उघडी असल्यानं मशीनची बटणं दाबता येतात. अम्मीचा फोन स्पीकरवर होता, मी बाजूलाच भाजी निवडत बसले होते. पेणला त्याच्या घरी पोचव म्हणून ते मी विणून तुझ्या हातात दिले होते गो, सख्खी बहीण म्हणून. माझं नाव तेवढं सांगायचं होतं.

आता त्याची आई तुला बघायला येतेय. विणून दाखव म्हणाली तर सुया कपाटात हायेत. लाल धागा वरून घ्यायचा, निळा खालून. मागचा धागा ओढलास तर वीण आवळते, हात आत जात नाय.

तू स्वतःसाठी म्हणून माझ्याकडून विणून घेत होतीस तो दुसरा जोड कुणासाठी होता, ते आता कळलं. तो उसवून लोकर गुंडाळून ठेवलीय.

मी निडीला खालाच्या घरी जातेय. अम्मीला काय सांगायचं ते तूच बघ. तुला जमतं.

हुदा