सिगऱ्याचं घर रेहेमाच्या नावे

मी, शरदिनी दिनानाथ पारधे, वय छप्पन्न, धर्म ख्रिस्ती, शिक्षण मराठी तिसरी, राहणार सिगरा, वाराणसी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी मला धमकावलेलं नाही, आणि मला धमकावेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पोटात गाठ आहे, पुढल्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. मी घाबरत नाही, पण कागद तयार असलेला बरा. याआधी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. ब्रह्मा घाटावरचे आमचे स्नेही नीलकंठराव समोर बसले आहेत. कायद्याचे शब्द त्यांनी वकिलाला विचारून आणले, बाकीचे माझे. मघाशी म्हणाले, "वहिनी, हे जरा सौम्य करू का?" मी म्हटलं, "भावजी, तुम्ही चहा घ्या."

कलम १. माझे यजमान ख्रिस्तवासी रेव्हरंड दिनानाथ पारधे, मूळचे नगर जिल्ह्यातले. मी त्यांना पाळकसाहेब म्हणायचे. १९६८ साली मिशनने त्यांना आफ्रिकेत पाठवलं, टांझानिया देशात, दोदोमा शहराच्या पलीकडे इहुंबा नावाच्या गावी. सोबत मी आणि चार वर्षांचा निमिष. १९८५ पर्यंत आम्ही तिथे होतो. मग काशीची लहानशी ख्रिस्ती मंडळी त्यांच्याकडे सोपवली, म्हणून इकडे आलो. १९९१ साली ते गेले. मिशनच्या वार्षिक अहवालात दर वर्षी एकच वाक्य यायचं: "रेव्हरंड पारधे यांचे कार्य जोमात आहे. सौ. पारधे घर सांभाळतात." घर तर मी सांभाळलंच. बाकी काय केलं ते इथे लिहिते. ह्या कागदावर कोणा सेक्रेटरीची कात्री चालणार नाही.

कलम २. माझं जातं. हे जातं मी नगरहून आणून बोटीने आफ्रिकेला नेलं. पाळकसाहेब धक्क्यावर कपाळाला हात लावून म्हणाले, "लोक पवित्र शास्त्राच्या पेट्या नेतात, तू दगड नेतेस!" मी म्हटलं, "तुमचं शास्त्र उपाशीपोटी कोण ऐकणार?" इहुंबाला बाया ज्वारी-बाजरी उखळात कांडायच्या, नाहीतर सपाट दगडावर गुडघे टेकून रगडायच्या. मी पहाटे अंगणात जातं मांडून बसले. एक बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी नुसतं बोट दाखवलं, समोर बस. ती बसली, खुंटा धरला. एका जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळतात हे तिला फार आवडलं. पुढे तिला मुलगी झाली, रेहेमा, तेव्हापासून गावात तिला मामा रेहेमा म्हणू लागले. मामा म्हणजे तिथल्या भाषेत आई, बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. मला मामा निमिष म्हणायचे.

दळताना मी गायचे:

जात्या, तुझा खुंटा धरू दोघी मिळून
देव आला घरा, पीठ आण चाळून

तिने आठ दिवसांत ती चाल उचलली आणि शब्द आपल्या भाषेतले घातले. मग बायांची रांग लागली. पाळकसाहेब रविवारी घंटा बडवून थकत तेव्हा चर्चमध्ये कोंबड्या जास्त आणि माणसं कमी असायची. माझ्या अंगणात रोज पहाटे मंडळी भरत होती. येशूच्या साऱ्या गोष्टी त्या बायांनी जात्यावर ऐकल्या. त्यांनीच नवरे ओढून आणले. इहुंबाची मंडळी अशी उभी राहिली. हे मी गर्वाने लिहिते. गर्व पाप आहे हे मला ठाऊक आहे, पण खोटी लीनता त्याहून मोठं पाप आहे.

ते जातं मी तिथेच ठेवून आले. मिशनच्या कचेरीने प्रदर्शनात मांडायला मागितलं होतं. नाही. ते इहुंबाच्या बायांचं आहे. दळून दळून झिजू दे.

कलम ३. पाळकसाहेबांच्या चिपळ्या आणि उपरणं निमिषला. आमच्या नगरी रीतीप्रमाणे ते उभ्याने ख्रिस्ती कीर्तन करत. इहुंबात पहिलं कीर्तन केलं आणि सगळी मंडळी उठून नाचायला लागली. साहेबांना वाटलं थट्टा चालली आहे. उपरणं झटकून घरी आले, म्हणाले, "ह्यांना देवाघरी बसायची रीत नाही." तीन रविवार कीर्तन बंद. शेवटी मी म्हटलं, "अहो, शास्त्रातला दावीद राजा देवाच्या पेटीपुढे नाचला तो काय बसून नाचला?" चौथ्या रविवारी कीर्तन झालं, आणि मधल्या भजनात साहेबांचाही पाय उचललेला मी पाहिला. निमिषनेही पाहिला, त्याला विचारा. चिपळ्या कपाटात ठेवण्यासाठी देत नाही. वाजव.

कलम ४. ब्रह्मा घाटाची पद्मा, म्हणजे नीलकंठरावांची बायको, हिला माझ्या फडताळातला निळ्या काठाचा कप. मी काशीत नवीन असताना मराठी बोलायला मिळावं म्हणून त्यांच्याकडे गेले, तर तिच्या सासूबाईंनी मला ह्या वेगळ्या कपात चहा दिला. दुसऱ्या वेळीही तोच कप आला, तेव्हा चहा पिऊन मी तो धुतला आणि पिशवीत घालून घरी आणला, म्हटलं तुम्हाला पुन्हा शोधायची तसदी नको. सासूबाई बघत राहिल्या. पद्मा पदरात तोंड घालून हसत होती. त्या दिवसापासून ती माझ्या ताटात जेवते. शिवाय माझी शिलाई मशीनही तिलाच. तिची फार खडखडते.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. रेहेमा.

मामा रेहेमा १९७९ साली तापाने गेली. नवरा आधीच सोडून गेलेला. पोर सात वर्षांची. तिच्या आजीला दिसत नव्हतं. माती दिल्यानंतर आजी चाचपडत माझ्या अंगणात आली, पोरीचा हात धरला आणि जात्याच्या खुंट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले तर बाया म्हणाल्या, "मामा रेहेमा, आधी तू भर." मामा निमिष म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. तिथे एवढ्याने आई ठरते. पाळक होता, पंच होते, कोणी कागद मागितला नाही.

इथे कचहरीत कागद लागतो. वकील म्हणाले, ख्रिस्ती माणसाला दत्तकाचा कायदाच नाही. तुमच्यामागे ती तुमची कोणी लागत नाही, मृत्युपत्र असेल तरच मिळेल. म्हणून ही सारी खटपट.

रेहेमा आमच्याबरोबरच काशीला आली, आता चोवीस वर्षांची आहे. इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. माझ्याशी मराठीत भांडते, प्रार्थना स्वाहिलीत करते, आणि भाजीवाल्याने भाव चढवला की कमरेवर हात ठेवून म्हणते, "का भइया, हमके बिदेसी समझला का? ठीक से तौला!" अख्खी सट्टी, म्हणजे इथली भाजीमंडई, हसते आणि भाजीवाला वर दोन वांगी टाकतो. पाळकसाहेबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना तिने उचललं, पुसलं, भरवलं. पोटची पोरगी ह्याहून काय करते?

तर सिगऱ्याच्या माझ्या नावावरच्या ह्या घराची खालची बाजू, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि हातपंप, माझ्यामागे रेहेमाच्या मालकीची. वरची खोली निमिषची. ज्याचा उल्लेख राहिला किंवा जे कोणाकडे गेलं नाही, ते सगळं रेहेमाचं.

ह्यावरून घरात काय झालं तेही लिहिते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मुलाला अंधारात ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी निमिष लखनौहून आला होता, बँकेत आहे तो. म्हणाला, "आई, तिच्या लग्नात काय द्यायचं ते देऊ. घर कशाला? आपलं एवढं एकच आहे."

मी विचारलं, "आपलं म्हणजे कोणाकोणाचं?"

"तसं नाही गं. तिला नोकरी आहे. किरायाने खोली सहज मिळेल. मीच बघून देतो."

"बघ."

सून स्वरदा मध्ये बोलणार होती, मी तिला भाताकडे बघायला सांगितलं.

निमिष आणि रेहेमा दिवसभर मोहल्ले फिरले. रेहेमा आली ती सरळ चूल पेटवायला बसली. निमिषने चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिला. मी म्हटलं, "मिळाली?" तो म्हणाला, "मी आधी एकटा आत जायचो तेव्हा प्रत्येक खोली रिकामी असायची. ही मागून आली की अर्ध्या मिनिटात खोली उठलेली. शेवटचा तर म्हणाला, भाई साहब, आप रहिए, इनको नहीं दे पाएंगे." रेहेमा चुलीपासून म्हणाली, "दादा, त्याच्या खोलीत ऊनही येत नव्हतं." तो हसला नाही. न जेवता गाडीला गेला.

म्हणून लिहिते, हे घर म्हणजे बक्षीस नव्हे. माझ्यामागे हिला ह्या शहरात दुसरं दार नाही, एवढंच.

कलम ६. मला पाळकसाहेबांच्या शेजारी पुरावं. प्रवचन आटोपशीर असावं. पांढऱ्या साडीवर इहुंबाच्या बायांनी दिलेलं लाल कापड घालावं, कोणी नाकं मुरडली तरी. अंघोळ रेहेमाने घालावी. मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा.

कलम ७. साक्षीदार. दोन लागतात. पहिले नीलकंठराव. दुसरे आमच्या चर्चच्या कारभारातले वडीलधारे, मसीह साहेब येणार होते. आज सकाळी आले, कागद वाचला, चष्म्याची घडी करून म्हणाले, "बहनजी, बाहर की लड़की का मामला है, हमको मत फँसाइए." मी त्यांना रस्ता दाखवला. पुढच्या इस्टरला त्यांच्या घरी माझ्याकडून केक जाणार नाही.

ते जिन्यावरून उतरताना निमिष वर येत होता. ऑपरेशनसाठी रजा काढून आला आहे. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "मी करतो सही."

नीलकंठरावांनी त्याला खाली बसवलं. "अरे, वकिलाने बजावून सांगितलंय. तुमच्या ख्रिस्ती कायद्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. पद्माचा कप आणि मशीन म्हणूनच वहिनी मला आज हातोहात देणार आहेत. तू सही केलीस की वरची खोली गेली. चिपळ्यासुद्धा गेल्या. सगळं रेहेमाकडे जाईल."

"कळलं, काका."

मी म्हटलं, "स्वरदाला विचारलंस?"

"घर रेहेमाला द्यायचं ह्यावरून गाडीत भांडूनच आलोय." मग रेहेमाकडे वळून म्हणाला, "चिपळ्या मागायला येईन. देशील ना?"

"आधी वाजवून दाखव," ती म्हणाली.

मी त्याला पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं तेवढं पुरे. वरची कलमं आहेत तशीच ठेवते, म्हणजे त्याला काय दिलं होतं आणि त्याने काय सोडलं ते वाचणाऱ्याला कळेल. माझ्या पोटी असा मुलगा आहे हेही ह्याच कागदात नोंदवून ठेवते.

सर्व कलमं मी मोठ्याने वाचून दाखवली आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली. निमिषने "नातं" ह्या शब्दापुढे बराच वेळ पेन धरून ठेवलं होतं. त्याने लिहिलं तसंच राहू दिलं आहे.

शरदिनी दिनानाथ पारधे
(सही)

साक्षीदार १: नीलकंठ श्रीराम जोशी, ब्रह्मा घाट, वाराणसी. नातं: शेजारधर्म. (सही)

साक्षीदार २: निमिष दिनानाथ पारधे, सध्या लखनौ. नातं: रेहेमाचा भाऊ. (सही)

ठिकाण: सिगरा, वाराणसी
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९६